प्रिंटर ड्राय बाल्कनीत, मी हिंजवडीत: रास्पबेरी पाय आणि ऑक्टोप्रिंट, आठ महिने वापरून

आधीच सांगतो, हा कागदावर छापणारा प्रिंटर नाही, थ्रीडी प्रिंटर आहे, म्हणजे प्लॅस्टिकची फिलामेंट वितळवून थरावर थर चढवत वस्तू बनवणारा. माझ्याकडचा चार वर्षं जुना, कीटमध्ये सुटा आलेला, २२० बाय २२० मिलिमीटरचा बेड (ज्यावर वस्तू छापली जाते तो पाट) असलेला साधा चायनीज प्रिंटर आहे. वायफाय नाही, अ‍ॅप नाही, पुढे एक छोटा निळा स्क्रीन आणि एक गोल बटण, बास. लॅपटॉपवर फाईल स्लाईस करा (म्हणजे वस्तूचे प्रिंटरला कळतील असे थर पाडा), एसडी कार्डवर टाका, कार्ड उचलून बाल्कनीत जा, खोचा, बटण फिरवत फिरवत फाईल शोधा, मग चालू करा. आणि स्लाईस करताना काहीतरी चुकलं असेल तर परत तीच वारी, दिवसातून आठ-दहा वेळा.

घर चिंचवडला, ऑफिस हिंजवडीला. प्रिंटर ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी, कारण हॉलमध्ये त्याचा आवाज कोणाला सहन होत नाही (खरं तर मलाच होतो, बाकी कोणाला नाही). नावाच्या पाट्या, किचेन, गणपतीच्या आधी मखराच्या जाळीचे तुकडे अशी बारीकसारीक कामं ओळखीत करून देतो. गेल्या वर्षी असाच एक नऊ तासांचा जाळीचा प्रिंट सकाळी लावला, पहिला थर छान बसलेला बघितला आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर बेडवर शेवयांचा डोंगर! जाळी तिसऱ्या-चौथ्या थरालाच बेडवरून सुटली असणार आणि मग दिवसभर नोझल, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक सोडणारी तोटी, हवेतच शेवया सोडत बसलं. आईला विचारलं तर म्हणे, "अकरा वाजता कपडे वाळत घालायला गेले तेव्हाच बघितलं मी, केसासारखं काहीतरी निघत होतं, मला वाटलं तसंच असतं तुझं." आता तिला काय बोलणार. दिवसभराची फिलामेंट वाया गेली, आणि त्याच रात्री ठरवलं की हे लांबून दिसलं पाहिजे आणि लांबून बंद करता आलं पाहिजे.

यासाठी जुना आणि ठरलेला उपाय म्हणजे रास्पबेरी पाय (पुढे नुसतं 'पाय' म्हणतो) हा पत्त्यांच्या कॅटएवढा छोटा कॉम्प्युटर आणि त्यावर ऑक्टोप्रिंट, म्हणजे प्रिंटर ब्राउझरमधून चालवू देणारं सॉफ्टवेअर. ऑक्टोप्रिंट जीना हॉयस्गे या जर्मन बाईंनी २०१२ च्या डिसेंबरात सुट्टीतला उद्योग म्हणून लिहायला घेतलं, पुढे ते त्यांचं पूर्णवेळ काम झालं, आणि आजही ते फुकट, ओपन सोर्स आणि लोकांच्या देणग्यांवर चालतं. मी महिन्याला थोडे पैसे पाठवतो, फार नाही, पण एवढं वापरून एक चहा पण पाजायचा नाही हे बरं दिसत नाही.

कुठला पाय घ्यायचा यावर लोक उगाच डोकं पिकवतात. थ्री बी, थ्री बी प्लस, फोर किंवा झिरो टू डब्ल्यू, यातला कुठलाही चालतो. जुना झिरो आणि झिरो डब्ल्यू घेऊ नका, ऑक्टोप्रिंटवालेच नको म्हणतात, त्याच्यात तेवढा दम नाही, प्रिंट मध्येच अडखळतो. पाय फाईव्ह तर या कामाला म्हणजे भाजी आणायला ट्रक काढण्यासारखं. मी ऑफिसातल्या एकाच्या कपाटात पडून असलेला थ्री बी प्लस बावीसशेला घेतला. २०१८ चा मॉडेल आहे, एक जीबी रॅम, आणि आठ महिन्यांत एकदाही कमी पडला नाही. कॅमेरा म्हणून लॉकडाऊनमध्ये मीटिंगसाठी घेतलेला यूएसबी वेबकॅम होताच.

सेटअप खरंच सोपा आहे. पायवाल्यांचं इमेजर नावाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकायचं, त्यातल्या यादीत थ्रीडी प्रिंटिंगच्या खाली ऑक्टोपाय म्हणून तयार इमेज (ऑक्टोप्रिंट आधीच घातलेली सगळी सिस्टीम) मिळते, ती निवडायची, कार्डवर लिहायच्या आधी वायफायचं नाव, पासवर्ड, देश आणि लॉगिन सगळं तिथेच भरायचं, कार्ड पायमध्ये घालायचं, पॉवर द्यायची आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. मग लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ऑक्टोपाय डॉट लोकल टाकलं की स्वागताचं पान येतं. माझं नाही आलं. पायला स्क्रीन लावलेला नसतो त्यामुळे आत काय चाललंय ते कळायला मार्गच नाही, नुसता हिरवा दिवा लुकलुकतोय, आणि मी पाऊण तास राउटर बंद-चालू करतोय, कार्ड परत लिहितोय, आणि शेवटी कळलं की वायफायच्या पासवर्डमध्ये मी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकला होता. दोष माझाच. आणखी एक, काही अँड्रॉइड फोनवर ते डॉट लोकल वालं नाव उघडत नाही, आकड्यांचा पत्ता टाकावा लागतो, म्हणून राउटरमध्ये जाऊन पायला एक कायमचा आयपी देऊन टाका, नाहीतर दर वेळी शोधत बसाल.

मग पायपासून प्रिंटरला साधी यूएसबी केबल. ऑक्टोप्रिंटमध्ये कनेक्टचं बटण दाबलं, केबलवरून बोलायचा स्पीड सेकंदाला एक लाख पंधरा हजार दोनशे बिट्सवर ठेवला आणि टर्मिनलच्या खिडकीत भराभर ओळी धावायला लागल्या, नोझल २७ डिग्री, बेड २७ डिग्री, म्हणजे प्रिंटर बोलायला लागला. मी हॉलमध्ये सोफ्यावर बसून फोनवर होमचं बटण दाबलं आणि तिकडे अंधाऱ्या बाल्कनीत मोटर "घुर्रर्र टक्" करून एका कोपऱ्यात गेली. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण आहे रे तिकडे?" खरं सांगू का, सगळे पैसे तिथेच वसूल झाले.

आता तक्रारी, कारण इथपर्यंत सगळे व्हिडिओवाले पण छान छानच सांगतात. या सगळ्या प्रकरणात सॉफ्टवेअरने मला फारसा त्रास दिला नाही, त्रास दिला तो विजेने. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानात पायसाठी अ‍ॅडॅप्टर मागायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "साहेब कशाला सातशे घालवताय, मोबाईलचा चार्जर लावा, काही होत नाही." मी पण खूश, घरात चार पडलेत. लावला. ऑक्टोप्रिंटच्या वरच्या पट्टीत विजेचं एक छोटं चिन्ह लुकलुकायला लागलं, मला वाटलं पॉवर चालू असल्याची खूण असेल! तीन दिवसांनी सहा तासांच्या प्रिंटला साडेचार तास झाल्यावर पाय आपोआप रीस्टार्ट झाला, आणि प्रिंटर नोझल तिथेच टेकवून थंड उभा. मग वाचत बसलो तेव्हा कळलं, ते चिन्ह म्हणजे पायला व्होल्टेज कमी पडतंय. थ्री बी प्लसला ५.१ व्होल्ट आणि अडीच अँपिअर लागतात, फोरला तीन अँपिअर. चार्जरवर पाच व्होल्ट छापलेलं असलं तरी स्वस्त चार्जर आणि वर ती दीड मीटरची बारीक केबल, त्यात वाटेत व्होल्टेज पडतं, आणि पायपाशी ते ४.६३ च्या खाली गेलं की तो बोंब मारतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. त्यात यूएसबीला वेबकॅम पण लावलेला, तो पण त्यातलंच खातो. फोन चार्ज होताना अर्धा व्होल्ट कमी मिळालं तर तुम्हाला कळत पण नाही, सावकाश चार्ज होतो एवढंच, पायचं तसं नाही. शेवटी मुकाट्याने पायसाठीचाच, केबल अंगातच असलेला अ‍ॅडॅप्टर घेतला, चिन्ह गेलं ते आजतागायत आलं नाही. सातशे वाचवायला गेलो आणि साडेचार तासांचा प्रिंट, एक रविवार आणि पेट्रोल घालवलं.

दुसरं लफडं जास्त गमतीचं. प्रिंटरचं मागचं बटण बंद केलं तरी त्याचा निळा स्क्रीन मंद चालूच. आधी वाटलं आत काहीतरी शॉर्ट झालं. पण ते यूएसबी केबलमधून पायचे पाच व्होल्ट प्रिंटरच्या बोर्डात शिरतात म्हणून होतं, म्हणजे पाय बिचारा स्वतःचं पोट भरता भरता शेजाऱ्याला पण पोसतोय. बऱ्याच जुन्या प्रिंटरांचं असंच असतं. उपाय एकदम देशी. यूएसबीच्या चपट्या प्लगमध्ये चार सोनेरी पट्ट्या असतात, त्यातली कडेची एक पाच व्होल्टची, दुसऱ्या कडेची अर्थची आणि मधल्या दोन डेटाच्या. पाच व्होल्टवाल्या पट्टीवर अगदी बारीक कापलेली चिकटपट्टी लावायची. मी बायकोची नखांची कात्री घेतली, दोन मिलिमीटर रुंदीची इलेक्ट्रिकल टेपची पट्टी कापली, चिमट्याने ती आत बसवली, पहिल्यांदा तिरकी गेली आणि शेजारची डेटाची पट्टी पण झाकली गेली त्यामुळे प्रिंटर ओळखेचना, दुसऱ्यांदा नीट बसली. कुठल्या कडेची पट्टी ते प्लगचं चित्र समोर ठेवून दोनदा बघा, उलटी बाजू झाकलीत तर उपयोग नाही. आता प्रिंटर बंद म्हणजे बंद. (कात्रीला टेपचा गोंद लागला त्याचं काय झालं ते इथे लिहीत नाही.)

कॅमेऱ्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ६४० बाय ४८० वर ठेवा, जास्त ठेवून काही मिळत नाही, बेडवर वस्तू आहे की शेवया एवढंच तर बघायचंय. फक्त रात्री अंधारात काही दिसत नाही म्हणून मी दिवाळीच्या माळेतला एक एलईडी पट्टा तिथे लावून ठेवलाय.

आता घराबाहेरून बघणं. इथे लोक जी चूक करतात ती सांगतोच. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून ऑक्टोप्रिंट सरळ इंटरनेटवर सोडायचं नाही, म्हणजे नाहीच. २०१८ मध्ये सॅन्स इन्स्टिट्यूटच्या सुरक्षावाल्यांनी शोधलं तर जगभरात ३,७०० च्या वर ऑक्टोप्रिंट असेच उघडे सापडले होते, त्यातले कित्येक पासवर्डशिवाय. विचार करा, २०० डिग्रीला तापणारी वस्तू तुमच्या घरात आणि तिचं बटण कोणाच्याही हातात, वर घरातला कॅमेरा पण फुकट दाखवताय. आता ऑक्टोप्रिंट सुरुवातीलाच युजर आणि पासवर्ड बनवायला लावतं, तरी पण नको. आणि तसंही आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवर पोर्ट उघडून काही होतच नाही कारण एकच पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, अनेक घरांत वाटलेला असतो, मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्यात. मी टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, पायवर एक कमांड, फोनवर एक अ‍ॅप, दोन्हीकडे एकच लॉगिन, आणि दोघं जणू एकाच घरातल्या वायफायवर आहेत असं वागतात. घरगुती वापराला फुकट. भूमकर चौकात सिग्नलला अडकलेलं असताना कंपनीच्या बसमध्ये बसून जाळीचा एकेक थर चढताना बघतो, ट्रॅफिकचं काही वाटत नाही.

आठ महिन्यांत शेवया तीनदा झाल्या. तिन्ही वेळा ऑफिसातून बघितलं, कॅन्सल दाबलं, नोझल थंड झालं, दहा-वीस ग्रॅमवर निभावलं. एकदा तर मीटिंगमध्ये होतो, फोनकडे बघून तोंडातून "गेली" असं निघालं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. कॅमेऱ्यातून बघून शेवया ओळखणारी एक सर्व्हिस पण आहे, आधी तिचं नाव स्पॅगेटी डिटेक्टिव्ह होतं, आता ऑबिको, मी महिनाभर लावली होती, पण माझ्या बाल्कनीतल्या उजेडात ती कधी कधी वाळत घातलेल्या ओढणीला पण शेवया समजायची, म्हणून काढली. ओढणी हलवली असती तर चाललं असतं, पण ते आईला सांगायचं कोणी.

एक मात्र डोक्यात पक्कं ठेवा, लांबून बंद करता येतं म्हणजे घराला कुलूप लावून निश्चिंत जाता येतं असं नाही. फोनवरून स्टॉप दाबणं हे नेट चालू असेल, पाय चालू असेल आणि प्रिंटर ऐकत असेल तरच लागू पडतं. प्रिंटरच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या बोर्डातल्या सॉफ्टवेअरमध्ये) थर्मल रनअवे प्रोटेक्शन चालू आहे का ते आधी बघा, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर सुटला किंवा हीटर हाताबाहेर गेला तर प्रिंटर स्वतःच बंद होतो. माझ्या प्रिंटरमध्ये ते नव्हतं, फर्मवेअर बदलून घेतलं. वर एक स्मोक अलार्म. आणि घरात कोणीतरी असतं तेव्हाच मी प्रिंट लावतो. आईला आता शेवया आणि जाळी यातला फरक दाखवून ठेवलाय, मागचं लाल बटण पण.

कुठे कमी पडतं ते पण सांगतो. ऑक्टोप्रिंट प्रिंटरला एकेक ओळ यूएसबीवरून भरवतं, सगळी फाईल एकदम देत नाही. त्यामुळे गोल गुळगुळीत वस्तूत, जिथे एका वळणात शेकडो बारीक तुकडे असतात, तिथे ओळी वेळेवर पोचल्या नाहीत की नोझल क्षणभर थबकतं आणि पृष्ठभागावर पुळ्या येतात. एसडी कार्डवरून तोच प्रिंट स्वच्छ येतो. आर्क वेल्डर नावाचं प्लगइन टाकलं, ते बारीक तुकड्यांचे सलग कंस करून देतं, फर्मवेअरला ते कंस समजत असतील तर फरक पडतो, मला पडला. "मग ऑक्टोप्रिंटवरूनच प्रिंटरच्या कार्डवर फाईल पाठवू" असं वाटेल, सोय आहे पण नादी लागू नका, त्या केबलच्या वेगाने सेकंदाला कसेबसे अकरा केबी जातात, दहा एमबीची फाईल जायला कागदावरच पंधरा मिनिटं आणि खरं बघितलं तर जास्तच.

पायच्या आतलं कार्ड चांगल्या कंपनीचं घ्या आणि पाय बंद करताना मेनूतून शटडाऊन करा, सरळ प्लग उपटू नका, मी उपटला होता आणि कार्ड करप्ट झालं. बॅकअपची सोय ऑक्टोप्रिंटमध्येच आहे, तो आधी घेऊन ठेवला होता म्हणून अर्ध्या तासात सगळं जागेवर आलं, ही एक गोष्ट मी आयुष्यात वेळेवर केली.

खर्च म्हणाल तर पाय बावीसशे, अ‍ॅडॅप्टर सातशे, कार्ड साडेचारशे, केबल आणि डबा घरचा (डबा म्हणजे मीच छापलेला, उभ्या खाचांचा, नाहीतर एप्रिल-मे मध्ये बाल्कनीत पाय भाजून निघेल). साडेतीन हजाराच्या आत. नवीन प्रिंटर घेणार असाल तर हा सगळा खटाटोप करूच नका, आता वायफाय आणि कॅमेरा आतच असलेले प्रिंटर सर्रास मिळतात, त्यांचं अ‍ॅप उघडा आणि मोकळे व्हा. ज्याला प्रिंटरचा वेगच वाढवायचाय त्याने क्लिपर नावाचं दुसरं सॉफ्टवेअर बघावं, ते पण पायवरच चालतं पण त्यात फर्मवेअर बदलण्यापासून सुरुवात आहे, ते माझ्या वीकेंडच्या बाहेरचं काम. पण ज्यांच्याकडे माझ्यासारखा जुना, धडधाकट, फक्त आंधळा-मुका प्रिंटर आहे त्यांच्यासाठी यापेक्षा स्वस्त आणि इतकं तुमच्याच ताब्यात राहणारं दुसरं काही मला दिसलं नाही. सॉफ्टवेअरला दहापैकी नऊ, आणि तो एक मार्क पुळ्यांसाठी कापला.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. माझ्या प्रिंटरला लाईट गेल्यावर परत आली की जिथे थांबला तिथून सुरू करायची सोय आहे, पण ती फक्त त्याच्या स्वतःच्या एसडी कार्डवरून प्रिंट चालू असेल तरच. ऑक्टोप्रिंटवरून चालू असेल तर प्रिंटरला माहीतच नसतं की आपण काय छापत होतो, लाईट गेली की काम गेलं. घरात इन्व्हर्टर आहे पण तो लाईट गेल्यावर चालू व्हायला जो डोळ्याची पापणी लवेल एवढा वेळ घेतो तेवढ्यात पाय आणि प्रिंटर दोघंही झोपतात. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे, त्याने पाय तगला, प्रिंटर कधी तगतो कधी नाही, बेड तापत असेल तर हमखास जातो. म्हणून सध्या गुरुवारी, मेंटेनन्सला लाईट जायचा दिवस असतो तेव्हा, फक्त किचेन छापतो. जाळी शुक्रवारी.